डोळ्यांखालचं काळं

सरकारी वाहिनीच्या मेकअपच्या खोलीत तिला सगळे गिलावेवाली म्हणत. पुढाऱ्यांच्या चेहऱ्यावरच्या भेगा बुजवण्यात तिची हयात गेली होती. खुर्चीत कितीही बडं प्रस्थ असो, ‘मान सरळ ठेवा’ म्हणून दटावायला ती कचरत नसे.

त्या दुपारी मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सीमेपलीकडून जीव मुठीत धरून आलेल्यांना परत पाठवायचं, असं पंतप्रधान संध्याकाळी जाहीर करणार, अशी सकाळपासून कुणकुण होती. तिचा जावई त्यांतलाच. परत गेला तर पलीकडचे त्याला जिवंत ठेवणार नव्हते; त्याच्या भावालाही ठेवलं नव्हतं. ‘या माणसांना मी कधीही हाकलणार नाही’ असं याच पंतप्रधानांनी मागे छातीठोक सांगितलं होतं, आणि त्या भरवशावर तिने लेक दिली होती.

पंतप्रधान येऊन बसले. चेहरा अगदी टवटवीत. रात्री गाढ झोपलेला माणूस तिच्यापासून लपत नाही. पावडर लावता लावता तिने धीर केला.

“साहेब, माझा जावई तिकडचा आहे.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. “हे बरोबर नाही, मलाही कळतं, बाई. पण आपली निम्मी वीज तिकडून येते; ही माणसं परत दिली नाहीत तर ते ती तोडतील. निवडणुकीच्या तोंडावर घरोघरी अंधार झाला, तर माझी तत्त्वं कोण विचारतो?” मग म्हणाले, “डोळ्यांखाली थोडं काळं करा. रात्रभर तळमळलो असं दिसलं पाहिजे.”

ब्रश भिरकावून द्यावा असं तिला वाटलं. दिला नाही. नोकरीची भीती म्हणा, सवय म्हणा. मेल्या हातांनी काम केलं, आणि नेहमीसारखं चोख केलं.

ती घरी पोचली तेव्हा भाषण चालू होतं. उद्या सकाळपासून गाड्या येतील, असं पंतप्रधान जड आवाजात सांगत होते. पोटुशी लेक टीव्हीसमोर बसून त्यांना शिव्या घालत होती.

“नको बोलूस असं,” जावई तिला म्हणाला. “डोळे बघ त्यांचे. आपल्यापायी झोप उडालीय त्या माणसाची.” मग तो सासूकडे वळला. “हो ना, आई? तुम्ही तर जवळून पाहिलंत.”

तिला सगळं ओकून टाकायचं होतं. पण मग उद्या गाडीत चढताना त्याच्यापाशी काय उरलं असतं?

“हो,” ती म्हणाली. “झोपले नव्हते.”