मंडळाचं शेपूट

आमच्या डोंगर आणि वारसा मंडळाला पन्नास वर्षं झाली, म्हणून मंडळाने स्वतःचा इतिहास छापला. गुळगुळीत कागद, जाड पुठ्ठा आणि पहिल्याच पानावर अध्यक्षांचा हसरा चेहरा. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे हसू चांगलंच आहे. माथ्यावरच्या पडक्या बुरुजाला चार पानं, वाटेवरच्या पाण्याच्या टाक्याला दोन, मंडळाच्या पहिल्या तंबूलासुद्धा अर्धं पान. माझ्या मावशीला एक ओळही नाही. मी जाब विचारायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, "अहो, आम्ही सगळा इतिहास फोटोंवरून लिहिला. मावशी एकाही फोटोत नाहीत, त्याला मी काय करू?"

नसणारच! फोटो काढतात माथ्यावर, पोचल्या पोचल्या. मावशी तेव्हा असायची अर्ध्या वाटेवर, कुणाच्या तरी उसवलेल्या बुटाला दाभण घालत. जिच्या जिवावर तुम्ही बिनघोर पुढे पळालात, ती फोटोत येणार कशी? इतकी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसाला समजावून सांगावी लागते, याचाच मला संताप येतो.

मावशीचं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक शिलाई मशीन, भिंतीवर खिळ्यांना लटकलेली बक्कलं आणि डबाभर रनर. लोक येऊन सांगतात, चेन बिघडली, नवी घाला. मावशी आधी रनर पक्कडीत दाबून बघते. चालला, तर "काही धाड भरलेली नाही हिला, घेऊन जा" म्हणून बॅग परत करते. गिऱ्हाईक टिकलं ते तिच्या हातामुळे, तोंडामुळे नाही. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणते, "वेळ कुठे होता? रविवारी डोंगर असतो."

तरुणपणी कुणाची तरी सॅक शिवून द्यायला ती मंडळात गेली आणि तिथेच चिकटली. तिच्या दुसऱ्याच चढाईत एका लठ्ठ हिशेबनिसाचा पाय मुरगळला. पुढचे पुढे निघून गेले. मावशी त्याच्यापाशी थांबली, खांद्याचा आधार देत देत त्याला वर घेऊन गेली. तिथे बघते तर डबे संपलेले, फोटो काढून झालेले आणि मंडळी उतरायच्या तयारीत! तेव्हाचे अध्यक्ष जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. मावशीने त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "आयुष्यभर जमिनी मोजल्यात ना? मग माणसं मोजायला काय झालं?"

ते अध्यक्ष भले होते. त्यांनी चूक कबूल केली आणि नियम करून टाकला: सगळ्यांच्या मागे एक भरवशाचं माणूस चालेल, आणि ते पोचलं की मगच सगळे पोचले असं धरायचं. नियम सगळ्यांना फार आवडला. मागे चालायला मात्र कुणी तयार होईना. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? शेवटी मावशीच म्हणाली, "मी चालते." तेव्हापासून तिचं नाव शेपूट पडलं. ठेवलं होतं चिडवायला, पण तिने ते मिरवलं. "शेपूट आहे म्हणून माकड फांदीवर टिकतं," असं वर ऐकवायची.

आणि हीच फटकळ बाई, पण मागे पडलेल्या माणसाला तिने कधी "चला, चला" म्हटलं नाही. दमलेल्या माणसाला थांबायची लाज वाटते. म्हणून कुणाला धाप लागली की ती स्वतःच खाली बसायची. "थांबा हो जरा, माझी लेस सुटली." मग ती लेस सावकाश सोडायची, सावकाश बांधायची, तोवर समोरच्याचा श्वास जाग्यावर यायचा. लहानपणी मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मावशी, तुझीच लेस सारखी कशी गं सुटते?" तिने असा चिमटा काढला होता की आठवडाभर दंड हिरवा-निळा होता.

डॉक्टर अध्यक्ष झाले आणि त्यांना मंडळाचा दर्जा वाढवायची हुक्की आली. ठरलेल्या वेळेत जो टाक्यापर्यंत पोचणार नाही, त्याने तिथूनच परत फिरायचं. मागे कुणी चालायची गरज नाही, प्रत्येकाकडे फोन आहे. दर्जा म्हणे! तोवर मावशीचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पन्नासाव्या वर्षाच्या चढाईआधी डॉक्टरांचा फोन आला. मी भांडून आले होते, त्याचा हा परिणाम.

"मावशी, तुम्ही चालायचे कष्ट घेऊ नका. आता दुसऱ्या अंगाने माथ्यापर्यंत रस्ता झालाय. गाडीने या, वर तुमचा सत्कार करू."

"सत्कार राहू द्या. मागे कोण चालणार ते सांगा."

"कुणी नाही. आता गरजच नाही त्याची."

"मग मी चालते," म्हणून मावशीने फोन ठेवला.

पुस्तकात नाव नाही याचं तिला काडीचंही वाटलं नव्हतं, संतापले होते ती मी. पण नियम मोडला हे तिच्या जिव्हारी लागलं. तिने मंडळाला दिलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती टिकावी एवढंच तिचं म्हणणं होतं.

चढाईच्या दिवशी बाकीचे सुसाट गेले. मावशी काठी टेकत निघाली. मी तिच्या मागे राहिले, तर वस्सकन अंगावर आली. "पुढे हो. शेपटाला शेपूट नसतं." टाक्यापाशी बँकेत काम करणारी एक नवी सभासद रडवेली होऊन बसली होती. वेळ उलटली म्हणून तिला एकटीला परत जायला सांगितलं होतं. मावशी तिच्याशेजारी बसली आणि लेस सोडली. मग आम्ही तिघी हळूहळू वर चढलो.

शेवटच्या वळणावर असतानाच ध्वनिक्षेपकातून डॉक्टरांचा आवाज कानावर आला, "कुणालाही मागे सोडायचं नाही, ही आपल्या मंडळाची पन्नास वर्षांची परंपरा आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आल्या, आल्या, आपल्या मावशी!" डॉक्टर स्मृतिचिन्ह घेऊन पुढे आले. मावशीला धाप लागली होती. तिने विचारलं, "सगळे पोचले?"

"पोचले असतील की."

"आणि टाक्यापासून ज्यांना परत पाठवलंत ते?"

बँकेतली बाई म्हणाली, "माझ्याआधी एका आजोबांना पाठवलं. ते खाणीच्या वाटेने उतरले, एकटेच." डॉक्टरांनी फोन लावला. लागेना. लागणार कसा, त्या वाटेला कधी रेंज होती?

"उतरले असतील," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बसा, मावशी."

"असतील?" मावशीने स्मृतिचिन्ह माझ्या हातात कोंबलं आणि वळली. बँकेतली बाई उठायला लागली, तर तिला म्हणाली, "तू बस, आता कुठे श्वास घेतेयस." तिथे जमलेल्या धडधाकट, महागड्या बुटांच्या माणसांपैकी एकही जागचा हलला नाही. खाणीची वाट म्हणजे सगळी सुटी खडी. मावशी आडवी होऊन, एकेक पाऊल टाकत, दर वळणावर आजोबांना हाका मारत उतरली. मी तिचा हात धरला, तो तिने झटकला नाही, यावरून गुडघ्याची काय दशा होती ते मला कळलं.

आजोबा पायथ्याच्या टपरीवर चहा पीत बसले होते. ढोपर फुटलं होतं, बाकी ठीक. मावशीने त्यांना हात लावून बघितलं, रुमालाने ढोपर बांधून दिलं आणि मगच टेकली. आजोबांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला.

तेवढ्यात टपरीसमोरच्या, माथ्यावरून येणाऱ्या रस्त्याने मंडळाच्या बस उतरताना दिसल्या. परतीला सगळे वरूनच बसमध्ये चढले होते. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात हलवले. पहिल्या बसने भोंगा वाजवून मला बाजूला व्हायला लावलं आणि ती गेली. दुसरीही गेली. खिडकीतून दोघातिघांनी उलट हात हलवून मला हसून निरोप दिला! पुढे बँकेतल्या बाईचा फोन आला, रडत होती. तिने बसमध्ये विचारलं होतं, मावशी कुठेत? सगळे म्हणाले, दुसऱ्या बसमध्ये असतील.

मी बसच्या मागे दगड भिरकावला आणि तोंडाला येईल ते बोलले.

"ओरडू नकोस," मावशी म्हणाली. "सगळे उतरले. मागे कुणी राहिलं नाही."

"आपण राहिलो ना, मावशी!"

"आपल्याला कोण मोजतंय?" ती म्हणाली. एरवीच्या तिखट सुरात म्हणाली असती तर मी हसले असते. पण ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, मला वेळ सांगावी तसं, आणि त्यासाठी मी त्या मंडळाला कधीही माफ करणार नाही.