वरचं हँडल

आमच्या भागात लग्नाचं शूटिंग करणाऱ्याची पत कॅमेऱ्याच्या आकारावर ठरते. माझा कॅमेरा नवा, चांगला, पण तळहातावर मावेल एवढा. इंदापूरच्या एका लग्नात नवरीच्या आत्यानं मला कोपरानं बाजूला सारलं आणि म्हणाली, "सरका पाव्हणं, शूटिंगवाल्याला येऊ द्या." शूटिंगवाला मीच होतो.

तेव्हापासून केज घ्यायचं माझ्या डोक्यात होतं. केज म्हणजे कॅमेऱ्याभोवती बसणारी धातूची चौकट. तिला चहूबाजूंनी आटे पाडलेली भोकं असतात. त्यात हँडल बसवा, माईक लावा, लाइट लावा. कॅमेरा हातात धरून चालताना पकड चांगली मिळते, हे केज घ्यायचं खरं कारण. लोकांना कॅमेरा मोठा दिसतो, हे माझं कारण. पण धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि माझं कारण मागं पडलं.

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, बावड्यातले जुने शूटिंगवाले. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आबांनी मेंढरांमागं जायचं सोडलं आणि खांद्यावर कॅसेटचा भलाथोरला कॅमेरा घेतला. आसपासच्या गावांतल्या कितीतरी पोरी त्यांच्या कॅमेऱ्यासमोर रडत सासरी गेल्या. धाकटी लहानपणी त्या कॅसेटी बघायची आणि विचारायची, "आबा, माझं कोण काढणार?" आबा म्हणायचे, "तुझी पाठवणी मीच काढणार. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाय." कन्यादान करणारा बाप कॅमेरा कसा धरणार, म्हणून आई हसायची. त्यावर आबांचं उत्तर तयार असायचं, "विधी उरकल्यावर बाप मोकळाच असतोय की."

आता त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे. चहा पिताना कपबशी वाजते. डॉक्टर म्हणाले, धोका काही नाही, पण हे जाणारही नाही. आबांनी काम माझ्याकडे सोपवलं आणि उसाकडे लक्ष घातलं. साखरपुड्यात धाकटीनं सगळ्यांदेखत विचारलं, "आबा, पाठवणी तुमीच काढणार न्हवं?" आबांनी उजवा हात उपरण्याखाली घेतला आणि म्हणाले, "व्हय."

मला तिचा असा राग आला! पाहुणे गेल्यावर तिला आत नेऊन झापलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हलू दे की दादा. मला हलल्यालं चालंल."

तिला चालणार होतं. आबांना चालणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. हललेलं चित्र दिसलं की हा माणूस दुसऱ्याच्या घरातसुद्धा टीव्ही बंद करायला उठतो.

म्हणून मी कॅमेरा आणि त्यांना घेऊन एसटीनं बारामतीला केज बघायला गेलो. दुकानदारानं पहिला काढला तो चांगला दणकट, पूर्ण केज. मला बघताक्षणी आवडला. त्या आत्याबाई आडव्या आल्या नसत्या असा. जड वस्तू हातात कमी थरथरते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्रही जरा थांबलं. पण थोड्याच वेळात आबांचं मनगट खाली यायला लागलं. दुसरा हलका होता, पण त्यात बॅटरीचं झाकणच उघडेना. आबा दुकानदाराला म्हणाले, "बॅटरी बदलायला सगळं खोलायचं व्हय? नवरी थांबंल का तवर?"

तिसरा साधा निघाला. हलका, दोन्ही बाजूंना उभी हँडलं. आबांनी दोन्ही मुठी घट्ट केल्या, कोपरं बरगड्यांना टेकवली आणि श्वास रोखून दुकानाबाहेर गेले. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, तो त्यांनी टिपला. आत येऊन आम्ही पाहिला. चित्र अजून हलत होतं, नाही असं नाही. पण बघवत होतं. आबांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून मला त्या दुकानातच भरून आलं.

मी बांधायला सांगणार तेवढ्यात आबा म्हणाले, "वरचं हँडल बी लावा."

"कशाला आबा? उगं वजन वाढतंय."

"असू दे. मला सोडावा लागला तर तुला वरनं धरता यावा."

ज्या माणसाच्या हातून कधी कॅमेरा पडला नाही, त्याला आता पडायची भीती वाटते आहे, असं मी समजलो. हँडल लावून घेतलं. परतीच्या एसटीत आबा मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

मग घरी सराव सुरू झाला. नवरी म्हणून आई. ती दारातून गोठ्यापर्यंत चालायची आणि आबा कॅमेरा घेऊन तिच्यासमोर उलटे चालायचे. "जरा रड की," म्हणायचे. आई म्हणायची, "भाकरी करपली की रडते."

लग्न इंदापूरजवळच्या कार्यालयात झालं. अक्षता पडल्या, विधी झाले, जेवणं उरकली. धाकटीच्या सासरी, माळेगावला जायची गाडी फुलं लावून उभी राहिली. आबांनी फेटा काढून माझ्या हातात दिला आणि केज उचलला. मी त्यांच्या पाठीला हात लावून मागं मागं चालत होतो. मागून असा हात लागतो, तेव्हा शूटिंगवाल्याला मागं बघावं लागत नाही. धाकटी आईच्या गळ्यात पडली, मावश्यांच्या पडली, आत्याच्या पडली. आबा टिपत होते. त्यांच्या कोपरांचा ताण मला पाठीवरच्या हाताला कळत होता.

मग ती वळली आणि सरळ कॅमेऱ्याकडेच यायला लागली. अशा वेळी आम्ही शूटिंगवाले मागं सरतो. आबा सरले नाहीत. हळूच म्हणाले, "धर."

मी वरचं हँडल पकडलं. ती पोचायच्या आत आबांचे दोन्ही हात मोकळे झाले होते.

तेव्हा मला ते दुकानातलं बोलणं उमगलं. त्यांना पडायची भीती कधीच नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठवण्या टिपलेल्या त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, की पोरगी सगळ्यांना भेटून शेवटी बापाकडे येते, आणि त्या वेळी बापाचे हात रिकामे असावे लागतात.

रेकॉर्डिंग चालूच होतं. हललेला भाग नीट करून देतो म्हणालो, तर धाकटीनं मला हात लावू दिला नाही. तो आबांचा आहे म्हणते. त्या भागानंतर क्षणभर नुसती जमीन दिसते, आणि मग चित्र स्थिर होतं. ती आबांच्या छातीवर डोकं ठेवून रडते आहे. तिच्या पाठीवर त्यांचा उजवा हात आहे. तो थरथरतो आहे, आणि त्यांनी तो लपवलेला नाही.