गव्हाच्या डब्यातला देव

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा माणूस. शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर ओके, नाही तर रिजेक्ट... तिसरं काही नसतं. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी हसलोय, कमेंटमध्ये टिंगलही केलीय. आज माझी पाळी आहे. घ्या हसून.

मी आणि आई गारखेड्यात राहतो. क्रांती चौकाच्या मागे माझ्या थोरल्या चुलत्यांचं घर आहे. चुलते गेले, आता तिथं चुलती एकटीच असते. तिला मी मोठी माय म्हणतो, आई अक्का म्हणते. आमच्या घराण्यात खंडोबाचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला घोड्यावरचा देव, फक्त थोरल्याच्या देव्हाऱ्यात असतो. धाकट्यांनी चंपाषष्ठीला तिथं जायचं, तळी उचलायची, भंडारा कपाळाला लावायचा आणि भरीत-रोडगा हाणून परत यायचं. मी दरवर्षी जातो. खरं सांगायचं तर भरितासाठीच जातो.

तळी उचलताना आई मात्र कधीच देवासमोर नसते. "भरीत लागंल, गॅस सोडून कशी येऊ?" हे मी लहानपणापासून ऐकतोय. मला वाटायचं, बाईला कामाची हौसच भारी!

यंदा तळी झाल्यावर मोठी माय म्हणाली, "इथली ही शेवटचीच बरं का. देव घेऊन मी आता लेकाकडं पुण्याला चालले."

स्वयंपाकघराच्या दारात आईचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, जाऊबाई जाणार म्हणून असेल. इतक्या वर्षांची सोबत.

दुपारी घरी आलो. कुलूप मीच उघडलं. आई पलंगावर बसून राहिली. गिरणीत दळण टाकायचं होतं. गव्हाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्याला आई एरवी मला हात लावू देत नाही, पण आज तिचं लक्षच नव्हतं, म्हणून मीच तो पिशवीत उपडा केला... तर तळातून एक पुरचुंडी पडली. जुन्या खणाच्या कापडाची, घट्ट गाठ मारलेली.

"नंदू, सोडू नको ते!" आई ओरडली. तोवर मी गाठ सोडली होती.

आत खंडोबाचा टाक होता. पार झिजलेला, देवाला नाकडोळे म्हणून उरले नव्हते. आणि ओला होता. आत्ताच कुणी आंघोळ घातल्यासारखा. त्यावर ताजा भंडारा, आणि वांगी रंगाच्या शेवंतीची एक पाकळी! असली शेवंती मोठ्या मायच्या गॅलरीतल्या कुंडीत आहे. सकाळी तिनं तिथलंच फूल देवाला वाहिलेलं मी पाहिलं होतं.

बाहेरचं कापड कोरडं होतं. गहू कोरडे होते.

आईनं टाकाकडे बघत हात जोडले. मग हळूहळू बोलली. माझ्या आधी तिची दोन लेकरं गेली. मी झालो तोही अशक्त. "थोरल्या घरात देव हाय म्हणून तिथली लेकरं जगतात, असं मनानं घेतलं बघ माझ्या. सराफाकडून तसलाच टाक करून आणला. अक्का बाहेर गेल्या तवा बदलला. मग भ्या वाटलं, कुणी बघंल... म्हणून गव्हात ठेवला. तवापासून देव पारोसा हाय रे. ना पाणी, ना फूल. मी गाठसुद्धा सोडली नाय कधी."

"अगं पण ज्याच्यापासून चोरी लपवायची, त्यालाच डब्यात घातलंस?" मी हसत म्हणायला गेलो, पण हसू आलंच नाही. हे सगळं तिनं माझ्यासाठी केलं होतं. फार वाईट वाटलं मला.

"चल, अक्काकडं," ती म्हणाली. "तोंड कसं दावू, काय माहीत. पर त्या जायच्या आत दिला पायजे."

तसाच तिला गाडीवर बसवून परत क्रांती चौक गाठला. आईनं परत गाठ मारलेली पुरचुंडी जाऊबाईंच्या मांडीवर ठेवली आणि पायावर डोकं टेकून सगळं सांगितलं, पण डब्यातून पुरचुंडी निघाली इथपर्यंतच. ओल्या भंडाऱ्याचं, पाकळीचं अक्षरही आम्ही काढलं नव्हतं.

मोठ्या मायनं गाठ तशीच ठेवून आईच्या डोक्यावरून हात फिरवला. "ऊठ, सुमन. ठाव होतं मला. दुसऱ्याच दिशी आंघोळ घालताना नव्या देवाचं नाक बोटाला टोचलं की. आपला देव तर झिजून गुळगुळीत."

"मग बोलल्या का नाय, अक्का?"

"काय बोलू? तुझ्या मांडीवर हे काडीवानी लेकरू. म्हणलं, असू दे सोबतीला. पर तुझ्याच्यानं त्याला बाहेर काढवणार नाय, हेबी ठाव होतं. म्हणून रोज ह्या नव्यावर पाणी घालताना म्हणायची, देवा, हे तिकडं पोचू दे. पारोसा नको ऱ्हाऊ. आज शेवटचं म्हणून फूलबी तुमच्याकडच्या देवाच्याच नावानं वाहिलं."

मी गाठ सोडून पुरचुंडी तिच्यापुढे धरली. तिनं पाकळीकडे पाहिलं, आणि दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून लहान पोरींसारख्या रडल्या.

मी अजून डोकं लावतोच आहे. पाकळी आईच्या पदराला चिकटून आली? मग गाठीच्या आत कशी गेली? दमट हवा? मग गहू कोरडे कसे? माझ्याकडचं कुठलंच गेज इथं बसत नाही.

मोठी माय नवा टाक घेऊन पुण्याला गेली. जुना तिनं आमच्याकडेच ठेवला. "आता उजेडात बसव," म्हणाली. आई रोज सकाळी त्याला आंघोळ घालते, आणि नेमका तेव्हाच पुण्याहून फोन येतो.

"पोचलं का गं पाणी?"

आई ओल्या हातानंच फोन कानाला लावते. "व्हय अक्का... पोचलं."