बाई आणि वाटप समिती

सगळी नोकरी थुंकी, लघवी आणि रक्ताच्या नमुन्यांत गेलेल्या आमच्या बाईंना किळस यायची ती एकाच गोष्टीची, सभेतल्या अनुमोदनाची. कुणी हात वर करून 'अनुमोदन' म्हटलं, की त्यांचं नाक आक्रसायचं. "हात वर करायले का लागते? त्याच हातानं काम करून दाखवा न!" असं त्या भर सभेत सुनावायच्या.

भंडाऱ्याच्या एका प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली तंत्रज्ञ होतो. आम्हा तंत्रज्ञांची जिल्हा संघटना आहे. तिच्यात समित्या पुष्कळ, कामाला माणूस नाही. गावोगावी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीची शिबिरं घ्यायचं ठरलं, तेव्हा पहिल्या बैठकीचा अख्खा तास बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यातच गेला. बाई उठल्या. "मले मळमळून राहिलं," म्हणाल्या आणि व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या बैठकीत त्यांनी चौदा जणांची शिबिर समिती चौघांवर आणली.

त्यांची रीत साधी. एका माणसाला एकच काम, आणि ते कोणत्या दिवशी संपवणार हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. "जमत नसन तर आताच सांग गा. नाही म्हननारा मले चालते. हो म्हनून घरी बसनारा नाई चालत."

कोंढा या गावचं शिबिर त्यामुळे उत्तम झालं. लग्नाच्या वयाची मुलंमुली रांगेत उभी राहिली. पण अहवाल घरोघर पोचवायला अध्यक्षांनी आपल्या मर्जीतल्यांची वेगळी वाटप समिती नेमली. तिच्यात माझंही नाव घातलं. वार्षिक सभेच्या पत्रिकेवर नाव छापून येणार म्हणून मी खूश होतो.

दोनेक महिन्यांनी बाईंनी संघटनेच्या कार्यालयातलं कपाट उघडलं. सत्काराच्या शालींखाली कोंढ्याच्या अहवालांचा गठ्ठा तसाच पडला होता. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"तुयं नाव आहे न वाटपात?"

"मला वाटलं, बाकीचे देतील."

"बाकीच्याइलेही तसंच वाटलं असन."

त्यांनी दोन कागद माझ्यापुढे सरकवले. एक कोंढ्याच्या मुलीचा, दुसरा तिच्याबरोबरच तपासणीला आलेल्या, त्याच गावातल्या तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा. दोघंही सिकलसेलचे वाहक. अशा जोडप्याच्या मुलाला तो आजार होऊ शकतो. चौकशी केली तर लग्न होऊन आठ दिवस झाले होते. खराब झालेल्या काचपट्टीकडे पाहावं तसं बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी एसटीने आम्ही कोंढ्याला गेलो. "तूच सांगजो," एवढंच त्या वाटेत बोलल्या.

मुलीच्या हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. नवरा शेजारी येऊन बसला. तुम्हा दोघांना आजार नाही, पण मूल होण्याआधी डॉक्टरांना भेटाच, असं मी चाचरत सांगितलं.

"मंग लग्नाच्या आंधी काहून नाई सांगतलं?" ती म्हणाली.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली.

"कागद कपाटात पडून होते. वाटायचं काम माझं होतं," मी म्हणालो.

तिने कागद घेतले आणि आत निघून गेली. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "चाल. बाकीची घरं आहेत." संध्याकाळपर्यंत आम्ही सगळी घरं केली.

वार्षिक सभेत 'यशस्वी शिबिराबद्दल' बाईंचा सत्कार ठेवला होता. बाईंनी तो घेतला नाही. घडलं ते सगळं सांगितलं आणि संघटना सोडली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही उठून ते सांगितलं नाही. आज शिबिरांचं काम माझ्याकडे आहे. अहवाल मी स्वतः नेऊन देतो. पण त्या दिवशी मी बसून राहिलो, ते राहिलोच.

बाईंच्या निवृत्तीच्या आठवड्यात कोंढ्याची ती मुलगी नवऱ्यासोबत आमच्या प्रयोगशाळेत आली. तिला दिवस गेले होते. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. मी सुई घेऊन पुढे झालो. तिने मला ओळखलं आणि हात मागे घेतला.

"दुसरं कोनी नाई का?" तिने विचारलं.

बाई जागेवरून उठल्या आणि माझ्या हातातली सुई त्यांनी काढून घेतली. मी हातमोजे उतरवले आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.