मागच्या सीटखालचा खडा
गाडी विकायची म्हणून काल झाडून काढली, तर मागच्या सीटखाली काचेचा एक खडा सापडला. वडील गेले त्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्या अस्थी घेऊन जळगावहून नाशिकला निघालो होतो. वाटेत धुळ्याला मावशीकडे चहाला थांबलो. अस्थी कुणाच्या घरात नेत नाहीत, म्हणून तांब्याचा कलश गाडीतच ठेवायचा होता. मी म्हटलं, "डिकीत ठेवू, कुणाला दिसणार नाही." वडिलांना दमा होता. आई म्हणाली, "डिकीमा नको व माय, त्यासले दम लागस." मग कलश सीटवरच राहिला आणि तिने त्यावर आपली शाल पांघरली. आल्याच्या चहाची चव जिभेवर असतानाच बाहेर आलो, तर मागची काच फुटलेली, सीटभर खडे, आणि कलश नाही. शाल तेवढी खाली पडली होती. आईने ती उचलून झटकली. "शाल आठेच राहिनी," ती म्हणाली, "त्यासले थंडी वाजी." पोलिसात तक्रार दिली, पण कलश मिळाला नाही. यंदा आईच्या अस्थी नेताना मी कलश मांडीवर घेऊन बसले. धुळ्यात मावशीने हाक मारली, पण मी उतरले नाही. तिने चहा खिडकीतूनच दिला.