वडिलांनी वडिलांना दिलेली मुदत

वडील गेले त्याला चार महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की मला आधी त्यांच्या पगाराची जप्ती आठवते. हे बरं नाही, पण खरं आहे.

अंबरनाथच्या एका कारखान्यात ते पगार खात्यात कारकून होते. नव्वदच्या दशकात क्रेडिट कार्डाचे फॉर्म घेऊन एक माणूस फाटकाशी बसू लागला. वडिलांनी कार्ड घेतलं आणि त्यावर माझ्यासाठी ज्ञानकोशाचे सगळे खंड आणले. मग पैसे थकले, व्याज चढलं, आणि शेवटी कोर्टाचा हुकूम आला की या कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा रक्कम कापून पाठवा. हुकूम आला तो वडिलांच्याच टेबलावर.

त्यांनी पाकीट फोडलं, आवक क्रमांक टाकला, स्वतःला नोटीस लिहिली आणि पोच म्हणून स्वतःची सही घेतली.

बुवापाड्यातल्या आमच्या घरात तेवढी कपात म्हणजे माझं कॉलेज बंद. इतर कामगारांचा असा कागद आला की वडील तो सोमवारपर्यंत ट्रेमध्ये ठेवत. तेवढ्या वेळात त्या कामगाराने बँकेशी हप्ते ठरवून पत्र आणायचं, म्हणजे बँकच जप्ती उठवून घ्यायची.

"मग तुमचाही ठेवा की," आई म्हणाली.

"कुणी मुदत मागायला आलं तर ठेवतो. मी माझ्याकडेच कशी मागू?"

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन कारखान्यात गेली. खिडकीपाशी आधीच दोन बायका होत्या. शिपाई हसत म्हणाला, "साहेब, वहिनी आल्यात."

"लायनीत यायला सांग."

नंबर आला तशी आईने पदर सारखा केला. "साहेब, आमच्या ह्यांच्या पगाराला जप्ती लागलीय."

"कुणाच्या? नाव सांगा."

आईने ते नाव कधी घेतलेलं नव्हतं. आमच्या मागे येऊन उभी राहिलेली एक बाई म्हणाली, "घ्या की उखाण्यात, त्याशिवाय सोडायचे नाहीत ते." आईने तिथेच उखाणा घेतला. बायका हसल्या. वडिलांनी नाव लिहून घेतलं.

"कर्ज कशाला काढलं?"

"पुस्तकांना."

"वाचतं का कुणी?"

आईने माझ्याकडे बोट दाखवलं. वडिलांनी मला नीट पाहून घेतलं. "सोमवारपर्यंत थांबतो."

शनिवारी दोघं उल्हासनगरच्या बँकेत गेले. तीन वर्षांचे हप्ते ठरले, वडिलांनी करारावर सही केली. सोमवारी आई पत्र घेऊन पुन्हा रांगेत. स्वतःची सही असलेला तो कागद वडिलांनी दोनदा वाचला.

"त्यांना सांगा, एकही हप्ता चुकवू नका."

"सांगते," आई म्हणाली. आणि कर्ज फिटेपर्यंत ती दर महिन्याला सांगत राहिली.