उंबरमाळीचा हापसा: चालू की बंद?

राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि मी पुण्याहून शहापूरला निघाले. महिनाभर तिथल्या एका सरकारी कार्यालयात इंटर्नशिप करायची होती. मला देशाचा कारभार जवळून पाहायचा होता. पहिले चार दिवस मी कागदांना भोकं पाडली.

पाचव्या दिवशी आमचे साहेब म्हणाले, "उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावर जाऊन या. हापसा (हातपंप) चालू आहे की बंद, एवढी खूण करायची. दहा मिनिटांचं काम."

आसनगावहून दुपारची कसारा लोकल मिळाली. उंबरमाळीला माझ्यासोबत फक्त एक बाई आणि तिची कोंबडी उतरली. स्टेशन सोडलं की लगेच चढण. मे महिन्याचं ऊन, पायाखाली सागाची कडकडीत पानं. करवंदाच्या जाळीत ओढणी अडकली. ती सोडवताना सरकारी फॉर्मवर जांभळे डाग पडले.

पाड्यावर हापशाशी एक बाई रिकामा हंडा घेऊन उभ्या होत्या. नाव बुधीबाई.

"तू कोन गो?"

"इंटर्न."

"म्हंजे?"

"शिकाऊ."

"मंग शीक," म्हणून त्यांनी दांडा माझ्या हातात दिला.

वीस वेळा हापसलं, नुसता खडखडाट. साठाव्या खेपेला चार थेंब पडले. मी आनंदाने ओरडले, "चालू आहे!"

बुधीबाईंनी कमरेवर हात ठेवले. "गेल्या साली बी एक शिकाऊ सायेब आलेला. चार थेंब पडले, फोटू काढला, चालू लिवून गेला. चालू हाय म्हून दुरुस्तीला कोन येत नाय. तू हंडा भर, मंग लिव."

बाया जमल्या. "पायात जोर दे गो!" एक म्हणाली. दुसरी कळवळली, "पुन्याची हाय, नाय जमायचा तिला." अर्ध्या तासात हंड्याचा तळ भिजला आणि माझ्या तळहातांना फोड आले.

मग बुधीबाईंनी मला घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. चटणीने डोळ्यांत पाणी आलं. मी दोन तांबे पाणी घटाघट प्यायले, तिसरा मागितला, आणि तेव्हा विचारलं, "हे पाणी कुठलं?"

"खालच्या झऱ्यावरचा. सकाली दोन खेपा केल्या."

तिसरा तांबा मी तसाच खाली ठेवला. फॉर्मवर 'बंद'समोर खूण केली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात फॉर्म पाहून साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गेल्या वर्षी चालू होता की!"

"हो सर. चार थेंब."

"फोटो?"

फोटो काढायचा राहूनच गेला होता. मी दोन्ही तळहात पुढे केले. साहेबांनी चष्मा लावून ते नीट तपासले आणि मेकॅनिकला फोन लावला.

आठवड्याने अनोळखी नंबरवरून बुधीबाईंचा फोन आला; निघताना मी त्यांना माझा नंबर दिला होता. "हापशाला पानी आला गो! तुला पास केला का सायेबांनी?"

महिना संपवून पुण्याला परतले, तेव्हा एक गोष्ट मात्र पक्की कळली होती: सरकारी कागदावरच्या बारीकशा खुणेपायी कुणाला तरी पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. आईने विचारलं, "काय केलंस गं तिथे महिनाभर?"

"एक हापसा बंद केला," मी म्हणाले, "म्हणून तो चालू झाला."